बाल्टिकच्या पाण्यातले निळे-हिरवे तंतू: सूक्ष्मदर्शकाखाली नाव कसं ठरवायचं?

खाडीकाठ

नमस्कार मंडळी. ठिकाण एस्पो, फिनलंड. हातात तीन नमुने आहेत आणि तिन्हींवर गाडी अडली आहे.

नमुना १: बाल्टिक समुद्राच्या फाट्याचा, फिनलंडच्या आखाताचा, किनारा, २३ जुलै. चार दिवस वारा पडलेला, पाणी २० अंश. वर पिवळट-हिरवी साय. बोटाने ढवळली की मोडते, थोड्या वेळाने परत धरते. ४०० पटीवर लांब तंतू दिसतात, काही सरळ, काही स्प्रिंगसारखे सैल वळलेले. काही ठिकाणी बारीक तंतूंच्या जुड्या.

नमुना २: जंगलातलं तळं, पाणी कोऱ्या चहाच्या रंगाचं. ऑगस्टमध्ये पोहणाऱ्यांच्या अंगावर बुळबुळीत थर बसतो आणि खाज सुटते. बाटलीत लगेच लुगॉल (नमुना टिकवणारं आयोडीनचं द्रावण) घातलं होतं. आता काचपट्टीवर नुसते तपकिरी गोळे दिसतात.

नमुना ३: त्याच तळ्याच्या काठाला जूनच्या पहिल्या आठवड्यात जमलेली गंधकासारखी पिवळी पूड. आजूबाजूचे सगळे म्हणतात 'सिनिलेव्हॅ', म्हणजे शब्दशः निळं शेवाळ.

सूक्ष्मदर्शक साधा: ४, १० आणि ४०चे ऑब्जेक्टिव्ह, १० पटीचा आयपीस, फेज कॉन्ट्रास्ट नाही. आयपीसमध्ये रेघांची पट्टी आहे, पण एक रेघ म्हणजे किती मायक्रॉन ते ठरवलेलं नाही. एवढ्या सामानावर नाव लागेल का? आणि विषारी आहे की नाही हे बघून कळतं का?

काचपट्टी

तिसऱ्यापासून सुरू करतो, ते दोन मिनिटांचं काम आहे. पुडीचा चिमूटभर भाग पाण्याच्या थेंबात घ्या आणि १० च्या ऑब्जेक्टिव्हने बघा. मधे एक दाणा आणि दोन बाजूंना फुगलेले दोन कान, असं दिसलं तर ते पाइनचे परागकण. हवेत तरंगायला निसर्गाने दिलेल्या त्या दोन पिशव्या आहेत. आकार साधारण ५० ते ७० मायक्रॉन, म्हणजे इथल्या सायीतल्या नीलहरित (सायनोबॅक्टेरिया, तेच ते 'निळं शेवाळ') पेशींच्या कितीतरी पट मोठा. उत्तरेकडे मेअखेर ते जून या काळात काठाला पिवळा पट्टा दिसला की साप साप म्हणून भुई धोपटणं दरवर्षी चालतं. एक खूण डोळ्यांनीच दिसते: पराग काठावरच्या दगडांवर, बाकांवर, गाड्यांच्या काचांवरही बसलेला असतो. शेवाळ गाडीवर चढत नाही.

आता मोजमाप. ते केल्याशिवाय पहिल्या नमुन्याचं नाव कुणी सांगू नये आणि तुम्ही कुणाचं ऐकू नये. स्टेज मायक्रोमीटर घ्या, म्हणजे १ मिलिमीटरचे १०० भाग कोरलेली काचपट्टी. तिचा एक भाग १० मायक्रॉन. आयपीसची पट्टी तिच्यावर समांतर आणा, शून्यावर शून्य जुळवा आणि जिथे दोन्ही रेघा पुन्हा नेमक्या जुळतात तिथवर मोजा. समजा आयपीसच्या ४० रेघा स्टेजच्या १० भागांवर, म्हणजे १०० मायक्रॉनवर बसल्या, तर एक रेघ २.५ मायक्रॉन. हे प्रत्येक ऑब्जेक्टिव्हसाठी वेगळं करायचं आणि सूक्ष्मदर्शकाच्या पायाला कागद चिकटवून त्यावर लिहून ठेवायचं. काचपट्टी मिळेपर्यंत ढोबळ काम भागवायचं तर आयपीसवर छापलेला क्षेत्रांक बघा. तो १८ असेल तर ४०च्या ऑब्जेक्टिव्हखाली दिसणारं वर्तुळ १८ भागिले ४०, म्हणजे ०.४५ मिलिमीटर, अर्थात ४५० मायक्रॉन व्यासाचं. केसाशी तुलना करू नका, केसाची जाडी माणसागणिक बदलते.

पेशीची लांबी एकेक करून मोजली तर चूक होते, कारण ३ मायक्रॉनच्या पेशीत अर्धी रेघ इकडेतिकडे झाली की आकडा पार बदलतो. सलग दहा पेशी एकत्र मोजा आणि दहाने भागा.

थेंबही मोजूनच घ्या. १८ मिलिमीटरच्या चौकोनी कव्हरस्लिपला २० मायक्रोलिटर पुरतं, साध्या ड्रॉपरच्या थेंबाच्या अर्ध्याहून कमी. जास्त झालं की कव्हरस्लिप तरंगते, तंतू वाहत राहतात आणि ४०च्या ऑब्जेक्टिव्हला फोकस मिळत नाही. मग लोक भिंगाला दोष देतात.

निळाई

काचपट्टी यांनी मोजमापाचं सांगितलंच आहे, मी काय बघायचं ते सांगते.

आधी हे नीलहरितच आहे ना, याची खात्री. हिरव्या शेवाळाच्या पेशीत हिरवा रंग एका ठरावीक भागात, हरितलवकात, कोंडलेला असतो आणि बाकी पेशी पारदर्शक. नीलहरितांत लवकच नाही, म्हणून रंग पेशीभर सारखा पसरलेला. शंका असेल तर काचपट्टीच्या कडेला लुगॉलचा एक थेंब सोडा. हिरव्या शेवाळात स्टार्च असतं, ते काळं-निळं पडतं. नीलहरित नुसतं पिवळट-तपकिरी होतं.

मग वायुकोश. तरंगणाऱ्या जातींच्या पेशींत काळपट, करकरीत ठिपके दिसतात. फोकस किंचित वरखाली केला की त्यांचा रंग काळा, तांबूस असा बदलतो. नवखे याला 'घाण' किंवा 'मेलेली पेशी' समजतात. तपासायला सोपा उपाय: ५ मिलिची सिरिंज, सुई काढलेली. नमुना भरा, हवेचा एकही बुडबुडा ठेवू नका, टोक बोटाने किंवा रबराच्या बुचाने घट्ट बंद करा आणि दट्ट्या जोराने दाबा. वायुकोश चिरडतात, गढूळ दुधाळ पाणी डोळ्यांदेखत स्वच्छ हिरवं होतं आणि पेशी तळाला जातात. सिरिंज लहानच हवी. २० मिलिच्या दट्ट्याचं क्षेत्रफळ मोठं, त्यामुळे हाताच्या तेवढ्याच जोराने पुरेसा दाब येत नाही. शेजारी न दाबलेला थोडा नमुना तुलनेसाठी ठेवा. (जर्मन वनस्पतिशास्त्रज्ञ क्लेबान यांनी १८९५मध्ये हेच बाटली, बूच आणि हातोडी घेऊन केलं होतं. काचेच्या बाटलीवर हातोडी तुम्ही मात्र आपटू नका.)

वायुकोशांमुळे आणखी एक गंमत होते: काचपट्टीवर पाच मिनिटं गेली की नीलहरित तंतू वर चढून कव्हरस्लिपच्या खालच्या बाजूला चिकटतात, डायटम (सिलिकाच्या कवचाचं सूक्ष्म शेवाळ) मात्र खाली काचपट्टीवर बसतात. म्हणून फोकस एकदा वरच्या आणि एकदा खालच्या पातळीवर फिरवायचा. नाहीतर अर्धी वस्ती नजरेतून सुटते.

आखातातल्या उन्हाळी सायीत मुख्यतः तिघेच भेटतात:

नोड्युलारिया स्पुमिजेना: तंतू ८ ते १२ मायक्रॉन रुंद, पेशी मात्र जेमतेम ३-४ मायक्रॉन लांब. म्हणजे नाण्यांची चळत आडवी ठेवल्यासारखी. तिच्यात ठरावीक अंतराने हेटरोसिस्ट (ही कोणती पेशी ते खाली सांगते), तीही चपटीच.

अ‍ॅफॅनिझोमेनॉन: तंतू ४ ते ६ मायक्रॉन, एकमेकांना समांतर चिकटून जुडी. नुसत्या डोळ्यांना गवताची कापलेली पाती वाटावी अशी. टोकाच्या पेशी लांबट, फिक्या, जवळजवळ रिकाम्या.

डोलिकोस्पर्मम: मण्यांची माळ. पेशी गोल किंवा पिंपासारख्या. जुन्या पुस्तकांत हे ॲनाबिना म्हणून सापडेल. तरंगणाऱ्या, वायुकोश असलेल्या जाती २००९मध्ये वेगळ्या काढून त्यांना हे नाव दिलं गेलं.

हेटरोसिस्ट म्हणजे नत्र स्थिर करणारी पेशी: जाड भिंत, आत फिकी, वायुकोश नाहीत, शेजारच्या पेशीला चिकटते त्या टोकाला एक चकाकता ठिपका. अकिनेट, म्हणजे वाईट काळ काढणारी सुप्त पेशी, त्याच्या उलट: मोठी, दाणेदार, गडद. दोन्हींतला गोंधळ ही सर्वात नेहमीची चूक. भातखाचरात खत म्हणून सोडतात ती नीलहरित शेवाळं नत्राचं काम याच हेटरोसिस्टमध्ये करतात. इथल्या समुद्रातही कारण तेच. वसंतातला डायटम आणि डायनोफ्लॅजेलेटांचा बहर पाण्यातलं नत्र संपवतो, फॉस्फेट मागे उरतं, मग उन्हाळ्यात ज्यांना नत्र हवेतून घेता येतं त्यांची चंगळ.

तुमचे 'सैल वळलेले' नोड्युलारिया आणि 'जुड्या' अ‍ॅफॅनिझोमेनॉन असावेत, पण आकडे आल्यावर बोलू.

पाणलोट

निळाईंच्या बोलण्यात एक भर. जुडी बघायची असेल तर बाटली हलवू नका. अ‍ॅफॅनिझोमेनॉनच्या जुड्या हिसक्याने सुटतात आणि मग सुटे बारीक तंतू बघून लोक भलतंच नाव लावतात. रुंद तोंडाच्या पिपेटने, किंवा टोक कापलेल्या प्लॅस्टिकच्या ड्रॉपरने, अलगद उचला.

आणि नमुना पातळ करायचा तर नळाचं पाणी घालू नका. हेलसिंकी-एस्पोच्या किनाऱ्याला क्षारता साधारण हजारी ५ च्या आसपास असते (महासागरात ३५). गोड्या पाण्यात टाकलं की पेशी फुगतात आणि तुमची रुंदीची मापं बिघडतात. त्याच जागेचं पाणी ०.४५ मायक्रॉनच्या सिरिंज-फिल्टरमधून गाळून वापरा.

दुसरा नमुना. इथे चूक लुगॉलची नाही, लुगॉल घालण्याच्या घाईची आहे. चहाच्या रंगाचं पाणी, अंगाला बुळबुळ, खाज, ऑगस्ट: हे वर्णन गोनिओस्टोमम सेमेनचं आहे. स्वीडन-फिनलंडच्या ह्युमसयुक्त तळ्यांत ते ठाण मांडून बसतं. हे नीलहरित नाही, रॅफिडोफाइट वर्गातलं कशाभिकाधारी (चाबकासारख्या धाग्यांनी पोहणारं) शेवाळ आहे. पेशीला कडक भिंत नाही, म्हणून लुगॉल लागताच ती आकार सोडून गोळा होते. तुमचे 'तपकिरी गोळे' तेच असू शकतात, पण मेलेल्या गोळ्यावरून नाव लावता येत नाही.

परत जा आणि जिवंत नमुना आणा. दुपारी घ्या, कारण दिवसा हे वरच्या थरात येतं आणि रात्री खाली उतरतं. बाटली तीन चतुर्थांशच भरा, थंड पिशवीत ठेवा (बर्फाला चिकटून नाही), आणि काही तासांत बघा. आधी कव्हरस्लिप न ठेवता १० च्या ऑब्जेक्टिव्हने. चपट्या थेंबासारखी, एका टोकाला निमुळती, गडद गवती हिरवी पेशी संथपणे पोहताना दिसेल. लांबी बहुतेकदा ५० मायक्रॉनच्या वर. पुढे एक कशाभिका, दुसरी मागे ओढत नेलेली. कडेने चकाकणाऱ्या बारीक काड्या दिसतात, त्या ट्रायकोसिस्ट. आता कव्हरस्लिप ठेवा आणि ४०वर जा. दाबाने किंवा दिव्याच्या उष्णतेने पेशी थरथरते, काड्या चिकट धाग्यांच्या रूपात बाहेर फेकते आणि दोन-चार सेकंदांत फुटून जाते. पोहणाऱ्याच्या अंगावरचा थर म्हणजे हेच धागे. फोटो काढायचा असेल तर कॅमेरा आधी तयार ठेवा, हॅलोजनऐवजी एलईडी वापरा आणि कव्हरस्लिपच्या चार कोपऱ्यांखाली व्हॅसलिनचे बारीक ठिपके द्या म्हणजे दाब पडत नाही.

काचपट्टी

पाणलोट बरोबर आहेत, पण वाचणाऱ्यांनी 'लुगॉल वाईट' असा अर्थ घेऊ नये. नमुना दोन बाटल्यांत घ्या: एक जिवंत, एक लुगॉलची. नाव जिवंतावरून, मोजणी लुगॉलवरून.

आम्लयुक्त लुगॉलची कृती: २० मिलि ऊर्ध्वपातित पाण्यात १० ग्रॅम पोटॅशियम आयोडाइड पूर्ण विरघळवा, त्यात ५ ग्रॅम आयोडीन, ते विरघळलं की पाणी घालून १०० मिलि करा आणि शेवटी १० मिलि ग्लेशियल ॲसेटिक आम्ल. क्रम बदलू नका, आयोडीन नुसत्या पाण्यात जवळपास विरघळत नाही. हातमोजे, चष्मा आणि उघडी खिडकी हवीच. १०० मिलि नमुन्याला ०.२५ ते ०.५ मिलि, रंग फिक्या कोऱ्या चहासारखा. साय दाट असेल तर जास्त लागतं, कारण पेशी आयोडीन शोषतात. अंधारात, काचेच्या बाटलीत ठेवा आणि महिन्यातून एकदा रंग बघा. फिका पडला की आणखी थेंब. तसंच राहू दिलं तर नमुना सडतो. उलट काचपट्टीवर रंग फार गडद वाटला तर फोटोग्राफीच्या हायपोच्या द्रावणाचा एक थेंब घाला, तो उतरतो.

पेशी तळाला बसवून मोजणी करणार असाल (उटरमोल पद्धत, उलटा सूक्ष्मदर्शक लागतो) तर ५० मिलिच्या नळीला साधारण २४ तास द्या. वायुकोशवाले लुगॉलमध्येही कधी कधी खाली बसत नाहीत. त्यांना वरची सिरिंजची दाबणी आधी. तंतू 'नग' म्हणून मोजायचे नाहीत, एक तंतू अर्धा मिलिमीटर आणि दुसरा दोन मिलिमीटर असतो. १०० मायक्रॉनची लांबी म्हणजे एक एकक. प्लँक्टन जाळीने ओढलेला नमुना मोजणीला कधीही वापरू नका. २५ मायक्रॉनच्या छिद्रांतून बारीक सगळं निसटतं, मोठं तेवढं साठतं.

खाडीकाठ

सर्वांचे आभार. तिसऱ्याला दोन कान आहेत, विषय संपला.

पहिल्याचे आकडे, ४०च्या ऑब्जेक्टिव्हवर, एक रेघ २.५ मायक्रॉन:
वळलेला तंतू: रुंदी ४ रेघा. सलग दहा पेशींची लांबी १४ रेघा. हेटरोसिस्ट दिसते, शेजारच्या पेशींहून किंचितच मोठी, चपटी.
जुडीतला तंतू: रुंदी २ रेघा. टोकाची पेशी लांब आणि फिकी.
आणखी एक तिसरं सापडलं: मण्यांची माळ, गोल-गोल गुंडाळलेली, मधोमध काळपट सॉसेजसारख्या पेशींचा घोळका, त्यातून माळेचे वेटोळे बाहेर गेलेले. कोळी बसल्यासारखं.
तळ्याला शनिवारी जाणार.

निळाई

वा, कोळी मिळाला! क्रमाने घेऊ.

पहिला: रुंदी १० मायक्रॉन, पेशी ३५ भागिले १०, म्हणजे ३.५ मायक्रॉन. लांबीच्या जवळपास तिप्पट रुंदी. नोड्युलारिया स्पुमिजेना, निःशंक लिहा. दुसरा ५ मायक्रॉन, जुडी, फिकं टोक: अ‍ॅफॅनिझोमेनॉन. बाल्टिकमधल्याला 'फ्लोस-अक्वे' हे जातीचं नाव लावायचं की नाही यावर जाणकारांचं एकमत नाही, वहीत नुसतं अ‍ॅफॅनिझोमेनॉन लिहिलंत तरी चुकीचं नाही. तिसरा: मधला घोळका म्हणजे अकिनेट, हेटरोसिस्टला चिकटून जमलेल्या. ते डोलिकोस्पर्मम लेमरमानी. उत्तरेकडच्या तळ्यांतही हे भरपूर. अकिनेट नसलेल्या कोवळ्या माळेवर मात्र 'डोलिकोस्पर्मम' एवढ्यावरच थांबा.

विषाचा प्रश्न राहिला होता. बघून कळत नाही. नोड्युलारिया मात्र बाल्टिकमध्ये नोड्युलारिन हे यकृतावर घाव घालणारं विष तयार करतं, म्हणून ते दिसलं की विषारी धरूनच चालायचं. अ‍ॅफॅनिझोमेनॉन तिथे सहसा निरुपद्रवी धरतात, डोलिकोस्पर्ममचा भरवसा नाही, काही वाण विष करतात काही नाही, आणि दोन्ही सूक्ष्मदर्शकाखाली अगदी सारखे. उकळून उपयोग नाही, विष टिकतं आणि पेशी फुटून उलट पाण्यात उतरतं. म्हणून असं पाणी सौनाच्या (वाफेच्या स्नानाच्या खोलीतल्या) तापलेल्या दगडांवर टाकायचं नाही, अंग धुवायलाही नाही. लहान मुलं आणि कुत्रे आधी सांभाळा. कुत्रा पाणी पितो, वर अंग चाटतो. (जनावरांच्या विषबाधेची पहिली शास्त्रीय नोंद १८७८ची, तीही नोड्युलारियाचीच, दक्षिण ऑस्ट्रेलियातल्या अलेक्झांड्रिना सरोवरातली. ही काही फक्त उत्तरेची मिरासदारी नाही.)

उप्सालाकर

मध्येच घुसतो. इथे स्वीडनमधल्या एर्केन सरोवरात ऑगस्टच्या सुमारास मिलिमीटरभराचे हिरवट-पिवळे कापसाचे गोळे पाण्यात तरंगतात. कव्हरस्लिप ठेवली की चेंदामेंदा होतो. हे काय?

पाणलोट

ग्लिओट्रिकिया एकिन्युलाटा, एर्केन तर तिच्यासाठी प्रसिद्धच. अख्खा गोळा खळगा असलेल्या काचपट्टीत, कव्हरस्लिपशिवाय, ४ च्या ऑब्जेक्टिव्हने बघा: साळिंदरासारखे तंतू केंद्रातून बाहेर आलेले. मग मुद्दाम कव्हरस्लिपने हलकेच दाबा, या वेळी चेंदामेंदाच हवा आहे. प्रत्येक तंतूच्या आतल्या टोकाला एक हेटरोसिस्ट, तिला लागून लांब अकिनेट, आणि बाहेरचं टोक केसासारखं निमुळतं. ही तिन्ही एका तंतूत दिसली की नाव पक्कं. भोवतीचा चिकट थर दिसत नसेल तर ड्रॉइंगची काळी शाई कडेने सोडा. शाईचे कण थरात शिरत नाहीत, गोळ्याभोवती स्वच्छ कडं उमटतं.

खाडीकाठ

शनिवारचा निकाल: दुपारी २ वाजता घेतलेला नमुना, दीड तासात बघितला. हिरवा चपटा थेंब, मागे शेपूट, कडेने काड्या. ४० वर नेल्यावर साधारण तिसऱ्या सेकंदाला फुटला. व्हॅसलिनचे ठिपके लावलेल्या काचपट्टीवर दोन मिनिटं टिकला. लांबी २४ रेघा.

पाणलोट

६० मायक्रॉन. गोनिओस्टोमम. लुगॉलच्या बाटलीवर आता नावासोबत 'जिवंत नमुन्यावरून' असंही लिहा, तारीख आणि वेळ घाला. आणि हातमोजे काढल्यावर ऑब्जेक्टिव्हचं पुढचं भिंग पुसून घ्या. त्या धाग्यांचा चिकटा वाळला की नंतर स्पिरिटने घासत बसावं लागतं.